पायाळू सून

"हात लावायचा न्हाई. पाय लावायचा तेवढा लावावा आन् भाईर जावं," सुंदरराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले. सांगितलं बायकोला, तुळजाबाईंना, पण ते होतं दाराआड उभ्या असलेल्या सुनेसाठी. त्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नसे. मधे कुणीतरी लागे, मग ते माणूस असो की भिंत.

सुंदररावांना सगळं गाव आप्पा म्हणे. नांदूरघाटच्या अलीकडे दीड कोसावरचं हे गाव, आणि गावातली निम्मी काळी जमीन आप्पांची. ते ओसरीवर नुसते खाकरले तरी मागच्या दारी सालगड्याच्या हातून वैरणीची पेंढी सुटायची. असा माणूस तीन दिवस घोंगडीवर पालथा पडून होता. बाजाराहून परत येताना खोगिराचा पट्टा आवळायला वाकलो आणि कमरेत उसण भरली, असं त्यांनी घरी आल्याआल्या सांगितलं होतं. तुळजाबाईंनी विटेचा शेक दिला, ओव्याची पुरचुंडी फिरवली, निर्गुडीचा पाला बांधला. कशानेच उतार पडेना. शेवटी त्यांना आठवलं, की औषध घरातच आहे आणि ते आत्ता चुलीपुढे भाकऱ्या थापतंय.

सून छबुबाई पायाळू होती. आईच्या पोटातून पायांकडून आलेली. अशा माणसाने कमरेला तीन वेळा पाय लावला की उसण निघते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. युसूफ वडगावला माहेरी ती चालायला लागायच्या आधीच तिचा पाय कामाला लागला होता. लोक तिला उचलून न्यायचे, कण्हणाऱ्या माणसाच्या पाठीवर तिची टाच टेकवायचे आणि हातावर गुळाचा खडा ठेवून परत आणून सोडायचे. आभाळ गडगडायला लागलं की मात्र हीच माणसं तिच्यापासून चार हात लांब राहायची, कारण वीज म्हणे पायाळूला हुडकत येते. एकदा तर दोन गृहस्थ अंजन घेऊन आले होते. पोरीच्या डोळ्यांत घातलं की तिला जमिनीतलं धन दिसेल, असा त्यांचा हिशेब. बापाने त्यांना ताक पाजून वाटेला लावलं.

पण छबुबाईला खरं काही शिकवलं असेल तर ते गंगासागरने. ही शेजारची तेलीण, लिंगायताची. जन्म घाण्यावर गेलेला, त्यामुळे हात कायम तेलकट, आणि त्या हातांना अख्ख्या वडगावची हाडं पाठ. बाळंतिणी, झाडावरून पडलेली पोरं, मोट ओढून खांदा सुजलेले बैलसुद्धा तिच्या दारात यायचे. तिने या पोरीला जवळ बसवून घेतलं. आलेल्या माणसाला आधी चार पावलं चालायला लावायचं आणि नुसतं बघायचं. तेल तळहातावर कोमट करून घ्यायचं. दुखतं तिथे सगळ्यात शेवटी जायचं, सुरुवात लांबून करायची, म्हणजे अंग बिचकत नाही. आणि एक गोष्ट ती दर खेपेला बजावायची.

"पायाचं कौतिक लोकान्ला असू दे. आदी हात फिरवायचा. खाली हाड कसं हाय ते हाताला कळतं. हात लावल्याबगर पाय लावशील तर माज्या दारात येऊ नगस."

नेमका तोच हात आता आप्पांनी वर्ज्य केला होता. त्यांचं अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही. सुनेचा हात सासऱ्याच्या उघड्या पाठीवरून फिरायचा, हे फसली तेराशे सव्वीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सोळा-सतरात, कोण मान्य करणार होतं? पाय चालत होता, कारण तो पाय तिचा नव्हताच मुळी, देवाने दिलेला होता. एरवी त्याच पायाचं बोट सासऱ्याच्या धोतराला लागलं असतं तर घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. आपल्या लोकांच्या मर्यादेला अशी दारं असतात. ती कुठून उघडतील ते सांगता येत नाही.

छबुबाईने सासूच्या कानाशी लागून विचारलं, एकदा हात फिरवून बघू का. तुळजाबाईंनी डोळे मोठे केले आणि विषय संपला.

तिने वाकून नमस्कार केला, एका हाताने भिंत धरली आणि डावी टाच आप्पांच्या कमरेवर टेकवली. पहिल्या खेपेला आप्पा नुसते हुंकारले. दुसऱ्या खेपेला टाचेखाली काहीतरी वेगळंच लागलं. मणक्यांच्या ओळीत एक जागा आत गेलेली होती आणि तिच्या भोवती गरम, मऊ सूज होती. उसण भरलेली पाठ ताठ असते, ती पायाला सामोरी येते. ही पाठ पायाखालून निसटत होती. छबुबाईने उचललेला पाय तसाच राहिला.

"थांबलीस कावून? तीन खेपा लागत्यात," तुळजाबाई म्हणाल्या.

छबुबाई तेव्हा अठरा वर्षांची होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत या घरात ती एकदाही नाही म्हणालेली नव्हती. तिने तिसऱ्यांदा पाय लावला.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांच्या तोंडून फक्त श्वास गेला. संध्याकाळी त्यांनी धरून उठवायला सांगितलं तेव्हा डावा पाय त्यांच्याबरोबर उठला नाही, आणि पुढेही कधी उठला नाही.

मोमिनाबादहून हकीम आणला. त्या भल्या माणसाने महिनाभर लेप दिले आणि मग स्वतःच हात जोडले. तुळजाबाईंनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, की यांच्या अंगावरून वारं गेलं. लोक माना हलवायचे. पण सुनेचा पाय सकाळी लागला आणि यांचा पाय संध्याकाळी गेला, एवढा हिशेब गावात कुणालाही येत होता. छबुबाईला कुणी काही बोललं नाही. नवरा, राधाकिशन, स्वभावाने गरीब होता, तोही काही बोलला नाही. बोलणी खाल्ली असती तर निदान रडता तरी आलं असतं. त्या घराने तिला तेवढीही सवलत दिली नाही.

तिने पुन्हा कुणाला पाय लावला नाही. लांबून माणसं यायची, दारात कण्हत बसायची. ती आतून निरोप पाठवायची, की आता माझ्या पायात गुण उरला नाही. पुढे दोन वर्षांनी मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी माणूस गेलं. जे वाचले त्यांच्या अंगात उभं राहायचं बळ राहिलं नव्हतं. शेजारच्या आश्रुबाची बायको महिनाभर अंथरुणात वाळत पडलेली बघून छबुबाई न राहवून तेलाची वाटी घेऊन गेली. हाताने चोळायचं, पाय लावायचा नाही, असं आधी कबूल करून घेतलं. पंधराव्या दिवशी ती बाई उठून पाण्याला गेली.

मग बायका यायला लागल्या, बायकांच्या मागून त्यांचे म्हातारे, मुलं, आणि होता होता पंचक्रोशी. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी उलटून खांदा निखळलेला एक गाडीवान तर बाजेवर घालून आणला होता. छबुबाईची रीत ठरलेली होती. तेल रोग्याच्या घरचं, करडीचं. आल्यावर आधी चालून दाखवायचं. ती हात लावायची तो दुखऱ्या जागेपासून लांब, आणि बराच वेळ नुसता ठेवायची, चोळायची नाही. लोक म्हणायचे, ही बाई चोळते कमी आणि ऐकते जास्त. दाबून चोळा, कडकड आवाज काढा, असं म्हणणाऱ्याला ती सरळ घरी पाठवायची. आणि प्रत्येकाला विचारायची, पडलात का कुठे? माणूस नाही म्हणायचा. ती पुन्हा विचारायची. तिसऱ्यांदा विचारलं की निम्मी माणसं खाली बघायची आणि मग कुणी विहिरीच्या पायऱ्या सांगायचा, कुणी दारू.

एवढं सगळं गावाला. घरात मात्र तिचा हात चुलीपुरता आणि जात्यापुरता. आप्पा ओसरीवर बाजेवर पडलेले असत. रोज सकाळी उत्तरेश्वर नावाचा सालगडी त्यांचा पाय चोळायचा, बैलाला खरारा करावा तसा. आत भाकऱ्या थापताना छबुबाईला तो चरचर आवाज ऐकू यायचा. चुकतंय, उलट्या दिशेने चोळतोय, हे तिला आवाजावरून कळायचं. सांगणार कुणाला? बारा वर्षं ती तो आवाज ऐकत भाकऱ्या थापत राहिली.

बाराव्या वर्षी तुळजाबाई गेल्या. आप्पांचं करणारं माणूस उरलं नाही. डावा पाय वाळून काटकी झाला होता, पाठीला जखमा पडायला लागल्या होत्या. राधाकिशन एक दिवस बायकोला म्हणाला, की तू मुलखाच्या पाठी बघतेस, आप्पांची बघशील का? ती म्हणाली, त्यांनी म्हणावं.

आप्पांना ते म्हणायला आठ दिवस लागले. मग एका सकाळी ती अंगण सारवत असताना, मधे कुणीही नसताना, ते थेट तिच्याशी बोलले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"सूनबाई, तुजा हात लई चांगला हाय म्हंत्यात."

"म्हंत्यात," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तिने उजव्या पायाच्या तळव्यापासून सुरुवात केली. पहिला दिवस तळव्यावरच गेला. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या, तिसऱ्या दिवशी तो वाळलेला पाय, चौथ्या दिवशी खांदे. सुरुवातीला राधाकिशन लाजेकाजेस्तव जवळ बसायचा, मग तो शेताकडे जायला लागला. आप्पा काही बोलत नसत. पण अंग हळूहळू हाताला मोकळं होत होतं, आणि चौथ्या दिवशी तर त्यांना चोळताचोळता झोप लागली. छबुबाईला बरं वाटलं. या माणसाला आपण निदान झोप देऊ शकलो, असं तिला वाटलं.

पाचव्या दिवशी ती कमरेवर आली. जखमा टाळून दोन बोटं मणक्यांवरून खाली उतरत गेली आणि एका जागी थांबली. तिथे हाड वाकडं जुळलं होतं, वर एक कठीण गाठ धरली होती. अशा गाठी तिने गेल्या दहा वर्षांत कितीतरी बघितल्या होत्या. विहिरीत पडलेल्या माणसाच्या, माळ्यावरून पडलेल्या बाईच्या. अठरा वर्षांच्या मुलीच्या टाचेने असं हाड मोडत नाही. हे तिला आता कळत होतं.

"आप्पा, तुमी पडलता," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

अंगणात कोंबडी उकरत होती तिचा आवाज येत होता.

"घोडी बुजली," शेवटी ते उशीत तोंड ठेवूनच म्हणाले. "वड्यात दगडावर आपटलो. लगाम धरून चालत आलो घरी."

मग त्यांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. त्या साली गावच्या शिवेवर जमिनीची पाहणी करणारा सरकारी गिरदावर घोड्यावरून पडला होता. आप्पांनी त्या बिचाऱ्याची अशी नक्कल उठवली होती, की चावडीवर माणसं पोट धरून हसायची. गिरदावर गावात आला की लहान पोरंसुद्धा टाप वाजवल्यासारखी जीभ वाजवायची. शेवटी त्याने बदली मागून घेतली. त्या बाजाराच्या दिवशीसुद्धा आप्पा नांदूरघाटला दहा माणसांत तीच नक्कल करून निघाले होते, आणि दीड कोसही सरला नव्हता तेवढ्यात घोडीने त्यांना खाली आणलं. हे घरी येऊन सांगायचं कोणत्या तोंडाने? बायकोला सांगितलं असतं तर पाणवठ्यावर गेलं असतं. म्हणून खोगिराचा पट्टा आणि उसण.

"आन् माज्या पायानं तुमचा पाय गेला, आसं बारा वर्सं मला वाटू दिलंत?"

"तू कदी इचारलं न्हाईस."

छबुबाईला राग आला. इतका राग तिला आजवर कुणाचाच आला नव्हता. झोपेत आपला पाय मुलांना लागू नये म्हणून ती बारा वर्षं पावलं लुगड्यात गुंडाळून झोपत आली होती. धाकटा रांगत पायाशी आला की ती दचकून पाय मागे घ्यायची, आणि तो पोर तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. माहेरी गेल्यावर गंगासागरच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या बोळाने जायची. गंगासागर मेली तेव्हासुद्धा ती गेली नव्हती. हे सगळं बोलून दाखवावं असं तिच्या तोंडाशी आलं, पण बोलायची सवय नव्हती. ती तेलाच्या हातांनी उठून आत गेली.

दोन दिवस उत्तरेश्वरच चोळत होता. तिसऱ्या दिवशी आप्पांनी त्याच्याकडून निरोप पाठवला, की उद्या माझी बाज पारावर न्यायची आहे. चार लोकांत सांगतो काय झालं होतं ते. सुनेला सांग, म्हणावं.

हे ऐकून छबुबाईला समाधान वाटायला हवं होतं. पण तिला काही सुचेना. भाकरी तव्यावर करपली. कारण तिच्याजवळही एक गोष्ट होती, जी तिने नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. उद्या आप्पा पारावर जाणार, सगळा दोष आपल्या अंगावर घेणार, आणि गाव हिला निर्दोष म्हणून मोकळं होणार. तसं होऊ दिलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. सकाळी बाज उचलायला माणसं यायच्या आत ती ओसरीवर आली.

"आप्पा, सगळं तुमचंच न्हाई. दुसऱ्या खेपेला माज्या टाचंला कळलं होतं. खड्डा लागला, ऊन लागलं. ही उसण न्हाई, हे मला तवाच कळलं. तरी बी तिसरा पाय दिला. सासूबाई म्हणल्या म्हनून दिला. भ्याले मी."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. बोलले नाहीत. उत्तरेश्वर दाराशी येऊन उभा राहिला होता, त्याला त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

"तू थांबली असतीस तर म्या थांबू दिलं असतं का?"

दुसरी कुणी असती तर नाही म्हणाली असती आणि दोघांचं ओझं हलकं झालं असतं.

"मला काय म्हाईत?" छबुबाई म्हणाली. "मी थांबलेच न्हाई."

आप्पांनी मान हलवली. मग उत्तरेश्वरने आणि आश्रुबाने बाज उचलली.

ती पारापर्यंत गेली नाही. बायकांनी तिथे जायचं नसतं. ती पलीकडच्या गोठ्याच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली. पारावर पंधरा-वीस माणसं होती. आप्पांचा आवाज आला, पूर्वीसारखाच खणखणीत. त्यांनी गिरदावराची नक्कल सांगितली, घोडी सांगितली, ओढा सांगितला, दगड सांगितला. पोरीच्या पायाचा काही दोष नव्हता, माझी कंबर आधीच मोडलेली होती, मी लपवलं, हेही सांगितलं. टाचेचं तिने जे सांगितलं होतं त्यातलं एक अक्षरही ते बोलले नाहीत. बोलून झाल्यावर ते थांबले. छबुबाईलाही वाटलं, आता हसतील.

आश्रुबा म्हणाला, व्हय का, बरं. कुणीतरी विचारलं, कोणती घोडी, ती तांबडी का? दुसरा म्हणाला, तांबडी कुठली, ती तर नंतर घेतली. तो गिरदावर वारला त्यालाही तीन वर्षं झाली, अशी तिसऱ्याने माहिती दिली. कोण गिरदावर, असं एका तरुण पोराने विचारलं, त्याला कुणी धड सांगितलं नाही. मग बोलणं टोळधाडीवर गेलं. गेवराईकडे आली म्हणतात, आपल्याकडे उतरते की काय. आप्पा मधेच बाजेवर पडलेले आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी टोळांची चर्चा. बऱ्याच वेळाने उत्तरेश्वरने विचारलं, की न्यायचं का घरी?

छबुबाई त्यांच्या आधी घरी पोहोचली. तेल कोमट करून ठेवलं. बाज ओसरीवर आली, माणसं गेली. आप्पांना पालथं केलं तेव्हा त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

"कुनी हसलं बी न्हाई गं," ते म्हणाले.

आणि त्यांनी तोंड उशीत घातलं. त्यांचे खांदे हलायला लागले. एवढी मोठी पाठ, ती सगळी हलत होती. आवाज अजिबात नव्हता. छबुबाईने दहा वर्षांत शेकडो पाठी हाताखालून घातल्या होत्या. कुठली कळ कुठून निघते, ती कुठे दाबली की उतरते, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. आज हात कुठे ठेवावा ते तिला कळेना. ती वाटी घेऊन त्यांच्या उशाशी बसून राहिली, आणि वाटीतलं तेल निवत गेलं.